काय खाण्यात आले म्हणून झाले?

संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागात आहारसल्ल्याचे काम दीर्घकाळ केलेल्या कोणालाही एक प्रश्न पाठ झालेला असतो. ‘काय खाण्यात आलं म्हणून हे झालं?’ असे रुग्ण विचारतो, आणि रुग्ण बहुतेक वेळा स्त्री असल्यामुळे तिच्याबरोबर आलेली सासू, नवरा किंवा थोरली बहीण त्या प्रश्नाचे उत्तरही सोबत घेऊन आलेली असते: बाळंतपणात गार पाणी प्यायली, दही सोडायला तयार नव्हती, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले शिळे खायची. ज्या विकारांसाठी हे रुग्ण येतात त्यांना एकत्रितपणे स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. म्हणजे जंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची प्रतिकारयंत्रणा ज्यांत स्वतःच्याच पेशींना परके समजून त्यांच्यावर हल्ला करते असे विकार. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, ज्याला बोलण्यात सरसकट आमवात म्हणतात, हा हल्ला सांध्यांच्या अस्तरावर होतो. ल्युपसमध्ये त्वचा, मूत्रपिंड, रक्तपेशी यांपैकी कशावरही होऊ शकतो. सिलिॲक विकारात लहान आतड्यावर आणि हाशिमोटोच्या विकारात थायरॉइड ग्रंथीवर होतो. हे विकार जन्मभर सोबत राहतात, बहुतेक औषधांनी आटोक्यात राहतात, आणि त्यामुळे त्यांचा दोष कोणाच्या तरी ताटात शोधण्याची ओढ घरातल्या सगळ्यांनाच लागते.

हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून उडवून लावण्यासारखा मात्र नाही. माधवनिदान या सुमारे सातव्या-आठव्या शतकातील ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन येते आणि तेथे विरुद्ध आहार, मंद अग्नी व हालचालीचा अभाव ही कारणे सांगितली आहेत. आजचे संशोधकही आहार, वजन, धूम्रपान आणि श्रम यांचाच शोध घेत असतात. फरक पडतो तो उत्तराच्या जातीत. रुग्णाला आपल्या एकट्याच्या आजाराचे कारण हवे असते, आणि संशोधनाकडे असते ती जोखीम, म्हणजे हजारो माणसांच्या समूहात एखादी सवय असलेल्यांना तो विकार इतरांच्या तुलनेत किती अधिक वेळा झाला याचे गणित. समूहाचे हे गणित एका माणसावर उलटे लावून ‘तुला याच्यामुळे झाले’ असे म्हणता येत नाही, ही गोष्ट कागदावर सोपी वाटते. समोर सुजलेल्या बोटांनी पदर सावरत बसलेल्या बाईला ती समजावून सांगणे हा या कामाचा सर्वांत अवघड भाग असतो आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात नेमलेला नसतो.

समजावून सांगताना सर्वांत उपयोगी पडते ती काळाची बाब. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे सैनिकांच्या रक्तरसाचे नमुने वर्षानुवर्षे साठवलेले आहेत. पुढे ल्युपस झालेल्या 130 जणांचे जुने नमुने काढून तपासले असता त्यांतील 88 टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्धची किमान एक प्रतिपिंड (अँटीबॉडी) निदानाच्या आधीच, काहींच्या बाबतीत तर नऊ वर्षांहूनही आधी, हजर होते, असे 2003 साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील रक्तदात्यांवरील अभ्यासाने ऱ्हुमॅटॉइड संधिवाताबद्दल तशीच माहिती दिली: सुमारे निम्म्या रुग्णांत सांधे दुखू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी, मध्यक काढला तर साडेचार वर्षे आधी, प्रतिपिंडे आढळली. म्हणजे ज्या गेल्या महिन्यातल्या लग्नाच्या जेवणावर किंवा मागच्या पावसाळ्यातल्या ताकावर आळ घेतला जातो, त्या वेळी आजार शरीरात केव्हाच मुक्कामाला आलेला असतो. हे ऐकल्यावर रुग्णाच्या चेहऱ्यावर दिलासा दिसतो आणि सोबतच्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडी निराशा, असे या कामातील अनेकांनी पाहिले असेल.

मग सगळे नशिबावर, म्हणजे जनुकांवर, सोपवायचे का? तसेही नाही. ब्रिटनमध्ये एकसारख्या जुळ्यांच्या जोड्यांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांची जनुके तंतोतंत सारखी असतात अशा जुळ्यांपैकी एकाला ऱ्हुमॅटॉइड संधिवात असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण सुमारे 15 टक्केच निघाले. एकसारख्या नसलेल्या जुळ्यांत ते चार टक्क्यांच्या आसपास होते. जनुकांचे वजन त्यातून दिसते आणि त्यांची मर्यादाही दिसते, कारण उरलेल्या 85 टक्के जोड्यांमध्ये जनुके तीच असून एकजण निरोगी राहिला. या मोकळ्या जागेत जे काही घडते त्याला आहार आणि जीवनशैली असे नाव देण्याची पद्धत पडली आहे, परंतु त्या जागेत संसर्ग, संप्रेरके, धूळ, धूर आणि निव्वळ योगायोग यांचीही गर्दी आहे, आणि ताटाचा वाटा रुग्ण समजतात त्याहून पुष्कळ लहान आहे.

सर्वांत भक्कम पुरावा ज्या गोष्टीबद्दल आहे ती खाण्याची नाहीच, ती ओढण्याची आहे. स्वीडनमध्ये 1996 पासून चाललेल्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या मोठ्या अभ्यासात धूम्रपान आणि जनुके यांचा संयोग उलगडला गेला. फुफ्फुसांत धुराने दाह झाला की तेथील प्रथिनांतील आर्जिनिन नावाच्या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर होते; या बदललेल्या प्रथिनांना काही विशिष्ट जनुके असलेल्या माणसांची प्रतिकारयंत्रणा परके ठरवते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. अँटी-सीसीपी नावाची जी तपासणी रुग्णांच्या फायलीत असते ती याच प्रतिपिंडांची. लार्स क्लारेस्कोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवले की ही प्रतिपिंडे असलेल्या संधिवाताची जोखीम, संबंधित जनुकाच्या दोन प्रती असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांमध्ये, जनुक नसलेल्या आणि कधीही धूम्रपान न केलेल्या माणसांच्या तुलनेत 21 पट होती. आहाराविषयीच्या कोणत्याही अभ्यासात, सिलिॲकमधील गव्हाचा अपवाद सोडला तर, या आकड्याच्या जवळपास जाणारे काही नाही. धूम्रपान सोडल्यावर जोखीम उतरते, पण ती उतरायला दशके लागतात. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात सोडून 30 वर्षे झालेल्या स्त्रियांत ती बरीच खाली आलेली दिसली.

महाराष्ट्रातील बाह्यरुग्ण विभागात या पुराव्याचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. केसपेपरवर ‘व्यसन: आहे / नाही’ असा एक रकाना असतो आणि स्त्री रुग्णांच्या बाबतीत तेथे न विचारताच ‘नाही’वर खूण होते. विचारले तरी उत्तर ‘नाही’च येते, कारण भाजलेल्या तंबाखूची पूड म्हणजे मिश्री, आणि ती लावणे हे कोकणात, घाटावर आणि मराठवाड्यात असंख्य स्त्रियांच्या दृष्टीने दात घासणे असते, त्याला व्यसन म्हणणे त्यांना अपमानाचे वाटते. ‘दात कशाने घासता आणि दिवसातून किती वेळा?’ असे विचारल्यावर मात्र सकाळी, जेवणानंतर, दुपारी आणि झोपताना असे उत्तर सहज मिळते. येथे प्रामाणिकपणाचा एक पेच उभा राहतो. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची ‘स्नस’ नावाची ओली तंबाखू वापरणाऱ्यांत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची जोखीम वाढलेली आढळली नाही, त्यामुळे दोषी ठरतो तो फुफ्फुसांत जाणारा धूर, तंबाखूतील निकोटिन नव्हे, असे मानले जाते. मग मिश्रीमुळे सांधे धरले असे सांगून घाबरवणे सोपे असले तरी ते खरे ठरत नाही. मिश्री सोडायला सांगायची ती तोंडाच्या कर्करोगासाठी आणि हिरड्यांसाठी, कारण हिरड्यांच्या जुनाट आजारातील एक जिवाणू स्वतःच प्रथिनांचे सिट्रुलिनीकरण करू शकतो आणि त्या वाटेने हिरड्यांचा संधिवाताशी संबंध असल्याचे पुरावे जमत आहेत. आणि नवऱ्याच्या विडीबद्दल नवऱ्याशी बोलायचे, बायकोच्या केसपेपरवर, ही गोष्ट विभागाच्या घाईत सहसा राहून जाते.

जीवनशैली या शब्दाने होणारा सर्वांत मोठा घोटाळा दगडाच्या धुळीच्या बाबतीत दिसतो. एडिंबरोचे वैद्य बायरम ब्रॅमवेल यांनी 1914 मध्येच पाथरवटांमध्ये स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा कडक होत जाणारा विकार, नेहमीपेक्षा अधिक दिसतो याची नोंद केली होती. 1953 मध्ये वेल्समधील कोळसा खाणकामगारांच्या फुफ्फुसांतील गाठी आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात यांचा संबंध अँथनी कॅप्लन यांनी मांडला, आणि स्वीडनच्या वर सांगितलेल्या अभ्यासातही सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांची जोखीम वाढलेली निघाली, धूम्रपानाची जोड असेल तर अधिकच. सिलिका म्हणजे दगड आणि वाळूतील मुख्य घटक. त्याचे बारीक कण फुफ्फुसांत जाऊन बसले की तेथील पेशी सतत चेतवलेल्या राहतात. खडी क्रशरवर, दगडखाणीत, फरशी कापण्याच्या कारखान्यात राबणारा माणूस ही धूळ आवडीने घेत नाही. त्याच्या पुढ्यात आहाराचा तक्ता ठेवून ‘जीवनशैली सुधारा’ म्हणणे ही क्रूर थट्टा होय, आणि तरीही छापील सूचनापत्रकात धुळीला जागा नसते, कारण ती पत्रके शहरातल्या बैठ्या नोकरदाराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. नोकरीबद्दलचा प्रश्न आहारतज्ज्ञाने विचारणे चमत्कारिक वाटते; पण वैद्यकीय तपासणीची तीन-चार मिनिटे संपल्यावर रुग्णाशी सावकाश बोलणारे त्या इमारतीत दुसरे कोणी नसते.

अन्न हेच निर्विवादपणे कारण असलेला स्वयंप्रतिकार विकार एकच, तो म्हणजे सिलिॲक. गहू आणि जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे उंचवटे झिजतात आणि अन्नरस शोषला जात नाही. हे गव्हामुळे होते याचा शोध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी लावला. त्यांना तशी शंका दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होती, 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या भयंकर उपासमारीच्या काळात पाव मिळेनासा झाल्यावर ही मुले सुधारली हे त्यांच्या म्हणण्याला बळ देणारे ठरले, आणि 1950 मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. परंतु येथेही गहू एकटा पुरत नाही. या विकारासाठी आवश्यक असलेली जनुके साधारण एक-तृतीयांश लोकांत असतात आणि विकार होतो तो शंभरात एखाद्याला. भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांत 23 हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विकाराचे प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के निघाले, तर जनुकांचे प्रमाण तिन्ही भागांत जवळपास सारखे होते. पोळी खाणारा उत्तर भारत आणि भात खाणारा दक्षिण भारत एवढेच पाहिले तर गोष्ट सरळ वाटते. ईशान्येतही मुख्य अन्न भातच असून तेथील आकडा उत्तरेच्या जवळ जातो, हे लक्षात घेतले की ती सरळ राहत नाही.

स्वीडनमध्ये 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दहा वर्षे दोन वर्षांखालील मुलांत सिलिॲकचे प्रमाण जवळपास चौपट झाले होते आणि बाळांच्या आहारातील बदल, विशेषतः गव्हाचे वाढलेले प्रमाण, त्यामागे असावेत असे मानले गेले. त्यावरून बाळाला गहू कधी सुरू करावा याचे नेमके वय शोधण्यासाठी युरोपात दोन मोठ्या चाचण्या झाल्या, 2014 मध्ये त्यांचे निष्कर्ष आले, आणि सुरुवात लवकर केली काय किंवा उशिरा केली काय, विकार टळत नाही असे ठरले. इतक्या नेटक्या कल्पनेची अशी वाट लागलेली पाहिल्यावर, संधिवातासाठी दूध बंद करा असे दूरदर्शनवर ठामपणे सांगणाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

निदान झालेल्या सिलिॲकच्या रुग्णाला मात्र ग्लुटेनमुक्त आहार आयुष्यभर आणि तंतोतंत पाळावा लागतो, आणि त्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर पुष्कळ उदार आहे: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी. अडचणी येतात त्या भलत्याच ठिकाणी. बाजारातील बांधानी हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे डाळीला फोडणी देणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर मागून टाकलेल्या ज्वारीत तो उतरतो. म्हणून घरी लहान चक्की घेणे परवडत नसेल तर गिरणीवाल्याला सांगून तांदूळ किंवा ज्वारीच्या मोठ्या घाण्यानंतर दळण टाकावे लागते, आणि काही गिरणीवाले ते मनापासून सांभाळतात.

ड जीवनसत्त्वाबद्दल अलीकडे मोठी आशा निर्माण झाली ती अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीमुळे. पन्नाशी ओलांडलेल्या 25,871 स्त्री-पुरुषांवरील या चाचणीत रोज 2000 एकक ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत सुमारे पाच वर्षांत स्वयंप्रतिकार विकार 22 टक्क्यांनी कमी झाले, असे 2022 मध्ये जाहीर झाले. हा आकडा मराठी वृत्तपत्रांत छापून आल्यावर त्याची कात्रणे घेऊन रुग्ण आले, आणि तो आकडा उलगडून दाखवणे भाग पडले: गोळी घेणाऱ्या सुमारे तेरा हजारांत 123 जणांना विकार झाला, न घेणाऱ्या तितक्याच माणसांत 155 जणांना, म्हणजे हजारामागे दोन-तीन माणसांचा फरक. फरक खरा आहे, पण तो ज्यांना विकार झालेलाच नाही त्यांच्यातील आहे, आणि गोळ्या बंद झाल्यावर पुढील दोन वर्षांत तो ओसरला. झालेला आजार त्याने बरा होतो असा त्याचा अर्थ नाही. गोळी परवडत नाही म्हणून ‘सकाळचे कोवळे ऊन घ्या’ हा सल्ला देण्याची रीत आहे आणि एरवी तिच्यात वावगे काही नाही. मात्र ल्युपसच्या रुग्णाचा आजार उन्हाने भडकू शकतो, तिला टोपी, पदर आणि छत्री सांगायची असते. एकाच बाकावर बसलेल्या दोघींपैकी एकीला ऊन घ्या आणि दुसरीला ऊन टाळा असे सांगितले की बाहेर गेल्यावर त्या दोघी एकमेकींचे सल्ले ताडून पाहतात, आणि मग विभागाची अब्रू पणाला लागते.

करोनाच्या साथीत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही घोषणा घरोघर पोचली आणि तिचा या रुग्णांवर झालेला परिणाम स्वतंत्र नोंदीला पात्र आहे. ज्यांची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःवर उलटलेली आहे त्यांना ती ‘वाढवण्या’ची गरज नसते, तिला लगाम घालण्यासाठीच त्यांची औषधे असतात. तरीही काढे, च्यवनप्राश आणि विशेषतः गुळवेल घराघरांत सुरू झाली. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या इजेचे रूप स्वयंप्रतिकारी हिपॅटायटिससारखे होते. पुढे देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशाच स्वरूपाच्या अधिक रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांना जोरदार हरकत घेतली आणि तो वाद बराच गाजला. वाद काहीही असो, मेथोट्रेक्सेटसारखे यकृतावर ताण टाकू शकणारे औषध आधीच चालू असलेल्या रुग्णाने गुळवेलीचा काढा घेऊ नये एवढे सांगायला त्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ या वाक्याला उत्तर म्हणून धोतऱ्याचे नाव घेतले की खेड्यातल्या रुग्णाला मुद्दा लगेच पटतो.

या सगळ्यात आहारतज्ज्ञाचा खरा वेळ जातो तो काही सुचवण्यात नव्हे. सुटलेले पदार्थ परत ताटात आणण्यात जातो. रुग्ण पहिल्यांदा समोर येतो तेव्हा त्याच्या आहारातून बऱ्याच गोष्टी गेलेल्या असतात. वातूळ म्हणून वांगे, बटाटा, वाल आणि हरभऱ्याची डाळ गेलेली असते. आंबट म्हणून चिंच, टोमॅटो, दही, ताक. कोणी व्हिडिओत सांगितले म्हणून दूध आणि गहू. आणि ल्युपस असेल तर मोड आलेली कडधान्येही. या शेवटच्या बंदीचे मूळ शोधले तर ते 1980 च्या सुमारास माकडांवर झालेल्या प्रयोगात सापडते: त्यांना अल्फाल्फाचे मोड आणि बी दिल्यावर ल्युपससारखा विकार झाला होता. अल्फाल्फा म्हणजे आपल्याकडची लसूणघास, जी दुभत्या जनावरांना घालतात. तिच्यापायी मटकीची उसळ सोडून बसलेल्या बाईला हे कळते तेव्हा ती आधी हसते आणि मग, का कोण जाणे, रागावते.

वांगे किंवा टोमॅटो सोडल्याने संधिवात कमी होतो याला चाचण्यांचा आधार नाही. एखाद्याला अमुक खाल्ल्यावर सांधे खरोखरच दुखतात असे वाटत असेल तर तो पदार्थ काही आठवडे थांबवून पुन्हा खाऊन पाहणे रास्त आहे, परंतु ‘पुन्हा खाऊन पाहणे’ हा अर्धा भाग कोणी करत नाही. थांबवलेले थांबलेलेच राहते आणि यादी वाढत जाते. शाकाहारी घरात दूध, दही आणि डाळी एकदम गेल्या की प्रथिनांचा स्रोत जवळपास संपतो, बी-12 आधीच कमी असते ते आणखी घसरते, आणि मेथोट्रेक्सेटबरोबर लागणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळीवर सगळा भार पडतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हाडे विरळ होत असताना कॅल्शियमचा मुख्य पुरवठाच तोडलेला असतो. दूध नकोच असेल तर शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असलेली नाचणी आणि तीळ यांच्यापासून सुरुवात करता येते, आणि त्यांना कोणाची हरकतही नसते, कारण नाचणी ‘थंड’ आणि तीळ ‘उष्ण’ असल्याने दोन्ही पक्षांचे समाधान होते.

पथ्य पाळणारी व्यक्ती आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती एकच असते, ही गोष्ट तक्ते छापणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. नवऱ्याला मधुमेह झाला तर घराचे जेवण बदलते. बायकोला संधिवात झाला तर तिने आपले वेगळे करून घ्यावे अशी अपेक्षा असते, आणि सकाळी ज्या हातांची मूठ मिटत नाही त्याच हातांनी दोन प्रकारचा स्वयंपाक करणे तिला शक्य नसल्याने ती चहाबरोबर बिस्किटे किंवा मुरमुरे खाऊन दुपार काढते. त्यामुळे सल्ला देताना सगळ्या घराने खावे असेच काहीतरी सुचवणे, आणि सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा मुलाला पीठ मळणे व कणकेचे गोळे करणे ही कामे नेमून देणे, हा भाग कॅलरींच्या हिशेबापेक्षा अधिक कामाचा ठरतो.

उपासाचा विषय निघतोच, कारण उपासाने बरे वाटते असे पुष्कळ रुग्ण सांगतात आणि ते खोटे बोलत नसतात. नॉर्वेमध्ये 1991 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या 27 रुग्णांनी सात ते दहा दिवस उपवास केला, नंतर काही महिने ग्लुटेन व दूध वगळून आणि पुढे दुधासह शाकाहार केला. वर्षभरानंतरही त्यांचे सांधे नेहमीचा आहार घेणाऱ्या रुग्णांपेक्षा बरे होते. हा अभ्यास छोटा होता आणि कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णांपासून लपवणे शक्य नव्हते, त्यामुळे त्यावर इमारत उभारता येत नाही, पण तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. मात्र त्या उपवासात भाज्यांचा कढ, लसूण, वनस्पतींचा चहा आणि गाजर-बिटाचा रस होता. साबुदाण्याची खिचडी, तळलेला बटाट्याचा कीस आणि वर केळ्याची शिकरण असा जो उपास महाराष्ट्रात एकादशीला घडतो त्याच्याशी त्या नॉर्वेजियन रुग्णांची गाठ पडली नव्हती.

वजनाबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण तेथे संदिग्धता कमी आहे: सोरायसिसशी निगडित संधिवातात लठ्ठपणा जोखीम वाढवतो आणि वजन उतरले की औषधेही अधिक चांगली लागू पडतात, बालपणातील लठ्ठपणाचा मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतासंस्थेच्या विकाराशी संबंध दिसून आला आहे. मिठाबद्दल 2013 मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी मोठी खळबळ माजवली होती, पण माणसांबाबतचा पुरावा तितका ठाम नाही. लोणचे-पापड कमी करायला सांगायचे ते स्टेरॉइडमुळे वाढणाऱ्या रक्तदाबासाठी.

भेटीच्या शेवटी, केसपेपर मिटताना, मुलीबद्दलचा प्रश्न येतो: तिलाही होईल का, आणि आत्तापासून तिला काय खायला द्यावे? ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या बाबतीत त्याचे उत्तर पुष्कळसे दिलासादायक आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली 1996 पासून झालेल्या घरोघरच्या पाहणीत प्रौढांत या विकाराचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळले. रुग्णाच्या आईवडील, भावंडे आणि मुलांत जोखीम सुमारे तिप्पट धरली तरी ढोबळमानाने ती शंभरात एक-दोनच्या घरात राहते. त्यासाठी लक्षणे नसलेल्या मुलीची अँटी-सीसीपी तपासणी करण्याची गरज नसते आणि तिचे दही-वांगे बंद करण्याचीही नसते. घरात विडी-सिगारेटचा धूर नको आणि वजन आटोक्यात असावे, एवढेच पुराव्याच्या आधारे सांगता येते. सिलिॲकचे तसे नाही. त्या रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांत विकाराचे प्रमाण सुमारे साडेसात टक्के असल्याचे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे, त्यामुळे लक्षणे नसली तरी भावंडांची आणि मुलांची रक्ततपासणी करावी लागते. ही तपासणी गहू खाण्यात असतानाच खरी येते. आईचे निदान झाल्याबरोबर धास्तावून घरातल्या सगळ्यांचाच गहू बंद केला तर प्रतिपिंडे हळूहळू नाहीशी होतात आणि विकार असूनही अहवाल निर्दोष येतो. म्हणून रक्त काढून होईपर्यंत मुलीच्या डब्यातली पोळी बंद करायची नाही, हे आईला एकदा आणि बरोबर आलेल्या आजीला निराळे, असे दोनदा सांगावे लागते.